माइकमधली मासेवाली

दारात मासेवालीची हाक आली की मी अजून ओशाळतो. बंदुकांचा तो महाकठीण ऑनलाइन गेम आम्ही जुने खेळाडू मोठ्या ऐटीत खेळायचो आणि नवखा दिसला की हसून हसून त्याला पळवून लावायचो. एका सकाळी "ताजे बांगडे आसत गो!" ही हाक माझ्या माइकमधून सगळ्यांच्या कानात गेली. एक नवखा हरखून म्हणाला, "अरे, तू मालवणचो? मी शिरोड्याचो. माका जरा शिकव रे!" बाकीचे फिदीफिदी हसले. "मी पुण्याचा," म्हणत मीच त्याला गेममधून बाहेर काढलं. तो परत आलाच नाही. असे कितीतरी गेले, मग जुनेही पांगले. काल आत शिरलो, तर खेळाडूंच्या यादीत माझं एकट्याचंच नाव. तरी माइक चालू केला आणि म्हटलं, "कोण आसा रे? मी मालवणचो."