एका नंबरात दोन भीमबाई

“तुमच्या सिस्टिममधली भीमबाई टेकाम ओ पॉझिटिव्ह आहे,” डॉक्टर मॅडम फोनवर म्हणाल्या. “माझ्या वॉर्डातली बी पॉझिटिव्ह आहे. लॅबनं दोनदा तपासलं. माणसाचा रक्तगट बदलत नसतो. मग बदललं काय?”

मी म्हटलं, “लॅबची चूक असेल, मॅडम.”

“वर या,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, पांढरकवड्याच्या बाजूला, हायवेला लागून. तिथं मी आयटी आणि रेकॉर्ड्स सांभाळतो. लोकांना वाटतं मी कम्प्युटर दुरुस्त करतो. प्रिंटर अडला की तोही माझ्याच गळ्यात येतो, पण खरं काम वेगळं आहे. पेशंट पहिल्यांदा आला की त्याला एक नंबर मिळतो. त्याला आम्ही यूएचआयडी म्हणतो. रिपोर्ट, औषधं, रक्तगट, सगळं त्या नंबरावर चढतं. डॉक्टर पेशंटकडे बघायच्या आधी तो नंबर उघडतात. म्हणून एका माणसाचा एकच नंबर आणि एका नंबरात एकच माणूस, हे पाळायचा पगार मला मिळतो.

वॉर्डात गेलो. पलंगावर एक किडकिडीत बाई, नाकाला ऑक्सिजन, डोळे पिवळे. मी तिला ओळखलं. तिनंही मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“ही म्हणते हिला सिकलसेल आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुमची स्क्रीन म्हणते निगेटिव्ह. स्क्रीनवर विसंबले असते तर साधा न्यूमोनिया समजून बसले असते.”

सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार. आमच्या भागात घरोघर ऐकू येतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. रोजची गोळी चालू असली तर माणूस बऱ्यापैकी सावरून राहतो. गोळी तुटली की दुखणं छातीवर कधी येईल याचा नेम नाही.

हिची गोळी मीच तोडली होती.

झालं होतं असं. दिवाळीच्या आधी इन्स्पेक्शन लागलं. आमचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर देशमुख सर म्हणाले, “एका पेशंटचे दोन-दोन नंबर निघाले तर इज्जत जाईल आपली. डुप्लिकेट साफ करा.” याला आम्ही मर्ज म्हणतो. एकाच माणसाचे दोन नंबर पडले असतील तर ते जोडून एक करायचे. नाव, गाव, जन्मतारीख आणि मोबाइल जुळवून सॉफ्टवेअर जोड्या दाखवतं. जोडीतल्या दोन्ही फाइली उघडून बघायच्या, मगच बटण दाबायचं, असा नियम. तो मीच लिहिलेला. पण ज्या जोड्या शंभर टक्के जुळत होत्या, त्यांत काय बघायचं, असं म्हणून मी सगळ्या एकदम सिलेक्ट केल्या आणि ओके दाबलं. सरांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. मीही घरी बायकोला फुशारकीनं सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी फार्मसीच्या काउंटरवर कुरबुर चालली होती, म्हणून मला बोलावलं. हीच भीमबाई उभी होती.

“माही गोळी देऊन नाई राह्यले जी.”

मी स्क्रीन पाहिली. “बाई, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे. तुम्हाला हा आजारच नाही.”

“लहानपनापासून हाय न जी.”

“कम्प्युटर सांगतो नाही.”

“मंग हाडं काहून दुखून राह्यले?”

मागं लाइन वाढत होती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “ते मला काय माहीत? फुकटची गोळी मिळते म्हटल्यावर लोक काहीही सांगतात.”

हे मी बोललो. मोठ्यानं, चारचौघांत. लाइनीतले दोघं-तिघं हसले. ती पदर सावरून निघून गेली आणि मी चहाला गेलो. मॅडमना एक फोन केला असता तरी भागलं असतं.

आता वॉर्डातून खाली आलो आणि ऑडिट लॉग उघडला. कोणतं बटण कोणी दाबलं याची नोंद सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं, तिला ऑडिट लॉग म्हणतात. दोन नंबर, दोन भीमबाई, एक मर्ज, पुढं माझं नाव. दोघी एकाच पोडावरच्या. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात, आणि भीमबाई हे नाव तिथं पुष्कळ. दोघीही टेकामांच्या घरात दिलेल्या. एक धडधाकट, एक सिकलसेलची. मर्जमध्ये नंतरचा रिपोर्ट टिकतो. तो धडधाकट भीमबाईचा होता.

नाव-गाव सारखं असेल, पण नवऱ्याचं नाव? त्या जागी दोन्ही फाइलींत नुसता एक ठिपका होता. रजिस्ट्रेशनच्या स्वातीला बोलावलं.

“हा ठिपका कसला?”

“सर, तिकडच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. विचारलं की पदर तोंडावर घेतात. आणि फील्ड रिकामं सोडलं तर सिस्टिम पुढं जाऊ देत नाही. मग आम्ही टिंब देतो.”

“जन्मतारीख एकच कशी?”

“कोणाले माहीत असते, सर? वय अंदाजे तीस लिहिलं की एक जानेवारी टाकतो.”

“आणि मोबाइल?”

“पोडावरच्या आशाताईचा. सगळ्यांचा तोच.”

म्हणजे जुळलं होतं ते आम्हीच भरलेलं भरताड. ते फील्ड सक्तीचं कोणी केलं होतं? मीच. स्वातीला रागावायला तोंड उरलं नव्हतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, असं एकगठ्ठा केलेलं मर्ज उलटं फिरत नाही. मग जुने कागद काढून दोघींच्या फाइली हातानं वेगळ्या केल्या. ठिपक्याच्या बाकीच्या जोड्याही एकेक उघडून पाहिल्या. देशमुख सर म्हणाले, “रिपोर्टमध्ये सॉफ्टवेअर एरर लिहून टाका. कायले गावभर करता?” मी तसं टाइप केलं. बरंही वाटलं मला ते, खोटं कशाला सांगू.

भीमबाईला रक्त चढलं, गोळी सुरू झाली. ऑक्सिजन निघाल्यावर मी भेटायला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “दुखायला लागल्याबरोबर का नाही आलात?”

“तुमीनंच तं सांगतलं, मले काई नाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “सासू म्हने, दवाखान्यानं सांगतलं तं कायले सोंग करते? कापूस वेचाले जाय. मंग गेली. मले बी वाटलं, खोटंच असन.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “घरी येऊन सांगान का?”

“काय सांगू?”

“मी सोंग नवती करत म्हून.”

सुट्टी झाली तेव्हा तिच्याबरोबर हॉस्पिटलच्या गाडीत बसलो. गाडी बघून पोडावरची माणसं जमली. नवरा बाजूला उभा राहिला, सासू पुढं आली. मी सांगितलं, “तुमच्या सुनेला खरंच आजार आहे. जन्मापासून आहे. दुखतं म्हणाली की खरंच दुखतं. रोज गोळी द्या, जड काम सांगू नका.”

भीमबाईनं मान वर केली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आपण आजारी आहोत हे ऐकून कोणाचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासू म्हणाली, “मंग तवा खोटं कोन बोललं? मशीन का तुमी?”

“मी,” मी म्हटलं.

म्हातारी सुनेला म्हणाली, “बस वं, उभी काहून हायेस.”

परत येऊन रिपोर्टमधली ती सॉफ्टवेअर एररची ओळ खोडली आणि तिथं माझं नाव लिहिलं. सर अजून नीट बोलत नाहीत. या धंद्यात एवढं कळायला मला फार उशीर लागला: स्क्रीन आणि समोरचा माणूस यांचं जुळत नसेल तर आधी माणसाला खुर्ची द्यावी, मग स्क्रीन तपासावी.