अळ्यांचं शिळं पाणी

गेल्या वर्षी रिसोडला आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहायला आली. जऊळक्याकडच्या शेतकऱ्याची पोर, कॉलेजात किड्यांचा अभ्यास करणारी. किड्यांचा, बरं का! आमच्याकडे सोयाबीनवर अळी दिसली की माणूस पाठीला पंप लावतो, आणि ही बया महिन्यातून एका रविवारी एसटी धरून लोणारच्या खाऱ्या सरोवरावर जायची, परवानगीचा कागद दाखवायची आणि बरणीत अळ्या घेऊन यायची. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावला. त्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास होता.

जरा वाकून पाहा, म्हणाली. पाहिलं, आणि तिथंच माझं चुकलं, कारण मग रोज पाहायची खोड लागली. तांदळाच्या दाण्याएवढ्या मळकट अळ्या. शेपटीला दुहेरी नळी, ती पाण्यावर काढून श्वास घेणाऱ्या. एवढ्या खारात कैरीचं लोणचं होतं, मग ह्या जित्या कशा, असं मी विचारलं. ती हसली. अंगात गेलेलं मीठ त्या बाहेर टाकतात, म्हणाली. खातात काय, तर पाण्यातलं शेवाळ. त्यांना कोण खातं, तर पाखरं. पुढं त्या कशाला तरी चिकटून कोष करतात आणि त्यातून माशी निघते. पण काठावरच्या माश्यांपैकी ही नेमकी कोणती, ते बरणीत पंख फुटल्यावरच कळणार. आधी आणलेल्या दोन्ही खेपांच्या अळ्या कोष होण्याआधीच मेल्या होत्या. ही तिसरी खेप चांगली जाड झाली होती. पावसाळा सरायच्या आत बरणीतून माशी निघाली नाही, तर तिचं वर्ष वाया जाणार होतं.

पोळ्याला ती गावी गेली. बरणी माझ्या हवाली. काही करायचं नाही, फक्त ऊन लागू द्यायचं नाही, एवढंच बजावून गेली.

आता आमच्या घरची रीत अशी, की सकाळी उठलं की शिळं पाणी ओतून टाकायचं. माठ, कळशी, देवाजवळचा तांब्या, सगळं धुऊन ताजं भरायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून हात आपोआप चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले, बरणीत ते हिरवट, घाण पाणी पाहिलं आणि जीव कळवळला. एकही अळी वाया जाऊ नये म्हणून चहाच्या गाळणीनं गाळून घेतल्या. बरणी घासली. नळाचं गोडं पाणी भरलं. वर स्वतःवर खूश, की चला, मुक्या जिवांची सेवा घडली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

दुपारी पाहते तर नळ्या वर येईनात. मी तिथंच बसले. एक तळाशी गेली, मग दोन. दिवे लागायच्या वेळेला सगळ्या तळाशी. मला रडू आलं. आयुष्यभर चपलेनं किडे मारणारी मी, अळ्यांसाठी रडत होते.

मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायची होती. सकाळीच मी दुसरी बरणी घेऊन लोणारची एसटी धरली. म्हटलं, त्याच पाण्यातल्या दुसऱ्या आणू. काठावर पोचले, तर चिखलावर माश्यांचा काळा पट्टा लांबवर गेलेला. पाऊल टाकलं की उठायचा, पुढं गेलं की परत बसायचा. कशाला आले ते विसरून मी गहू निवडायला बसावं तशी उकिडवी बसले. मग पट्ट्याच्या कडेकडेनं चालत गेले. एका जागी झऱ्याची गोडी धार तळ्यात उतरत होती. तिथं हिरवं गवत, त्यावर चतुर उडत होते, फार छान वाटत होतं. पण काळा पट्टा तिथं संपला होता. ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा.

तेवढ्यात राखणदार आला. हातातली बरणी पाहून म्हणाला, परवानगीशिवाय थेंबसुद्धा नेता येणार नाही. बरोबरच होतं त्याचं. आताशा झऱ्या-पावसाचं गोडं पाणी येऊन तळं खूप चढलं, काठची झाडं बुडाली, लोक खूश आहेत, असंही त्यानं सांगितलं. मी रिकामी बरणी घेऊन परत आले.

संध्याकाळी तिला दारातच सगळं सांगून टाकलं. ती वर गेली, बरणीकडे पाहत राहिली. मग ती उजेडाला धरून तळाच्या अळ्या मोजू लागली.

"शिव्या दे मले, पण अशी गप नको राहू," मी म्हटलं.

तिनं वही काढली. पाणी कधी बदललं, पहिली कधी तळाशी गेली, शेवटची कधी, सगळं विचारलं. मी जवळ बसून पाहिलं होतं, म्हणून सांगता आलं. तिनं एकेक लिहून घेतलं. मग डोळे पुसले.

"काकू, तळ्यात हेच होऊन राह्यलं. तुमी एका दिवसात केलं, तिथं वर्षं लागून राह्यले."

"मंग कोनी थांबवत काहून नाही?"

"गोडं पानी वाढलं म्हनून कोन तक्रार करते, काकू?"

मी तर कधीच केली नसती.