खायचं प्रोटीन आणि गाठीतलं प्रोटीन

भोंगवलीचे सावळाराम बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. गुरांमध्ये लम्पी या विषाणूच्या रोगाची साथ आली तेव्हा ते निवृत्त झालेले. तरी गोठ्यागोठ्यात जाऊन लशी टोचायला त्यांनी हातभार लावला. त्यामुळे विषाणू म्हणजे काय हे आपल्याला चांगलं कळतं, असं त्यांना वाटायचं.

यंदा त्यांच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ पुण्यात काढली. पुढे केमोची इंजेक्शनं ठरली. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या बायकोला, ठकुबाईंना बजावलं, "यांना प्रोटीन द्या. रोज दोन अंडी, डाळ, उसळ."

त्याच दिवशी शिवानी नावाची संशोधक मुलगी संमतीचा फॉर्म घेऊन आली. गाठीचा तुकडा अभ्यासाला हवा होता.

"काका, पेशीत विषाणू शिरला की ती आरडाओरडा करते, मग शरीराचे रक्षक धावून येतात. कॅन्सरच्या पेशीनंही तसंच ओरडायला हवं. पण तिच्यातलंच एक प्रोटीन तिला गप्प बसवतं, असा आमचा अंदाज आहे."

"म्हंजी माझ्या आतड्यात विषाणू व्हता?"

"नाही. पेशीचाच डीएनए फुटून नको तिथं सांडतो. तो तिला विषाणूसारखा वाटतो."

"विषाणूच न्हाई, तर तिनं वराडायचं कशाला?"

शिवानीनं पुन्हा समजावलं. सावळारामांनी मान डोलावली, सही केली. पण एसटीतून गावाजवळच्या सारोळ्याला उतरेपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं: प्रोटीन गप्प बसवतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंडं खाल्लं नाही. मग डाळही बाजूला सारली. "तोंडाला चव न्हाई," म्हणायचे आणि भात-लोणच्यावर उठायचे. तीन आठवड्यांत पाच किलो उतरले. इंजेक्शनाच्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून त्यांना परत पाठवलं. आधी अंगात ताकद आणा, म्हणाले.

बाहेरच्या बाकावर ठकुबाईंचा धीर सुटला. "अवो, मनात काय हाय ते सांगा तरी!"

"एक बाई म्हणती प्रोटीन खा. दुसरी म्हणती प्रोटीनच गाठीची बाजू घेतं. म्या कुणाचं ऐकू?"

ठकुबाई तडक उठल्या आणि शिवानीला शोधून घेऊन आल्या. सगळं ऐकून पोरीचा चेहरा उतरला.

"माझंच चुकलं, काका. प्रोटीनं हजारो प्रकारची असतात. अंड्यातलं पोटात पचून त्याचे बारीक तुकडे होतात. गाठीतलं ते पेशीनं स्वतः बांधलेलं असतं."

"बांधायला माल अंड्याचाच ना पर?"

"हो. पण तोच माल तुमच्या रक्षकांनाही लागतो. तुम्ही उपाशी राहिलात तर तेच आधी थकतील."

हे त्यांना थोडं पटलं, थोडं नाही. तरी घरी येऊन त्यांनी अंडं खाल्लं. पंधरा दिवसांनी सलाईनमधून इंजेक्शनं सुरू झाली. तेव्हा शिवानी भेटायला आली आणि म्हणाली, की काही गाठींत उलटंही असतं. तो आरडाओरडा थांबतच नाही आणि त्याचा गाठीलाच फायदा होतो.

"मग वराडनं चांगलं का वाईट?" सावळारामांनी विचारलं.

"तेच अजून नीट कळलेलं नाही, काका."

"मंग ते कळंस्तवर अंडं खातो," म्हणत सावळारामांनी ठकुबाईंकडून डबा घेतला. सलाईन थेंबथेंब उतरत होतं.