डोलेराइटवरचं नाव

अक्षरवाल्यांना राग यायला क्षण पुरे, जायला मात्र आठवडा लागे. राग आला की ते छिन्नी खाली ठेवत. हातोडी तेवढी हातातच राही, त्यामुळे वाद सहसा त्यांच्याच बाजूनं मिटत. दगडावर नावं कोरणं हा त्यांचा धंदा. दवाखान्याचं दार, शाळेची भिंत, पुलाचा खांब, जिथं तिथं त्यांच्या हातची अक्षरं होती, आणि रस्त्यानं जाताना ते आपलीच अक्षरं उभं राहून वाचत. "चला आता, पाठ झालं असेल एव्हाना," म्हणून बायकोला त्यांचा हात धरून ओढावं लागे.

मुलीनं भूविज्ञान घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, "दगड शिकायला कॉलेजात कशाला जायचं? घरात काय कमी आहेत?" नंतर मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला, त्यानं विचारो न विचारो, मुलगी काय शिकते ते ऐकावंच लागे. ती सुट्टीत घरी आली आणि तिनं कारखान्याच्या आवारातल्या लाद्या हलवून ठेवल्या. त्यांनी त्या दराप्रमाणे लावल्या होत्या. तिनं कणांप्रमाणे लावल्या: मोठ्या कणांच्या एकीकडे, बारीक कणांच्या दुसरीकडे, आणि प्रत्येक बाजूला आधी फिकट, मग गडद.

"आणि बाबा, काळा ग्रॅनाइट असं काही नसतंच," ती वर म्हणाली. "ग्रॅनाइट फिकटच असतो. तुमचा हा गॅब्रो आहे."

"त्या नसलेल्या ग्रॅनाइटवरच तुझी फी भरली," अक्षरवाले म्हणाले आणि आठवडाभर तिच्याशी दगड सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलले.

त्यातच बोगद्याच्या पाटीचं काम आलं. डोंगरातून बोगदा खणताना छत कोसळून जे कामगार गेले, त्यांची नावं बोगद्याच्या तोंडाशी एका शिळेवर कोरायची होती. त्यात अक्षरवाल्यांचे थोरले भाऊ होते. थोरल्यांच्या मागं वहिनी एकट्या राहत, आणि काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली होती. काम मिळाल्याचं सांगायला अक्षरवाले गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, मला बोटानं वाचता येईल असं कोराल?"

"न यायला काय झालं? माझ्या हातचं आहे," ते म्हणाले.

दगड त्यांनी मनात केव्हाच पक्का केला होता. आवारात एक गुलाबी ग्रॅनाइटची शिळा होती. मोठमोठ्या राजेरजवाड्यांनी हेवा करावा अशी. आजवर कितीजणांनी मागितली, पण त्यांनी कुणाला दिली नव्हती. भावाला यापेक्षा कमी दगड द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. जागा ठरलेली आणि नावं पुष्कळ, म्हणून अक्षरं बारीक ठेवावी लागणार होती. आधी त्याच दगडाच्या तुकड्यावर त्यांनी भावाचं नाव कोरून पाहिलं. वेलांटीच्या वळणावर नखाएवढा कण टचकन उडाला. दुसऱ्यांदा काना तुटला. त्यांनी छिन्नी बदलली, उजेडाला शिव्या घातल्या, दारात उभ्या मुलीला "सावली पाडू नकोस" म्हणून दटावलं. तिसऱ्यांदाही तेच. बोट फिरवलं तर नाव कमी आणि खड्डेच जास्त लागत होते.

ते घाबरले. हात गेला की काय, ही एकच भीती या माणसाला होती.

"हात नाही गेला, बाबा," मुलगी म्हणाली. तिनं तो तुकडा उचलून त्यांच्यासमोर धरला. "दगडच तसा आहे. हा मुळात शिलारस, म्हणजे वितळलेला दगड. तो खोल जमिनीत अडकून राहिला. लाखो वर्षं हळूहळू निवत गेला. घाई नाही, मग कण वाढले ऐसपैस. म्हणून तर सुंदर दिसतो. पण कण मोठा, अक्षर बारीक. छिन्नी लागली की कण त्याच्या आतल्या सपाट पातळीवर चिरतो आणि अक्षर घेऊन जातो."

"मग काय कापसावर कोरू?"

तिनं पिशवीतून एक काळा दगड काढला. बोगद्याच्या बाहेर खणून टाकलेल्या राडारोड्यात तो तिला सापडला होता. "डोंगर ग्रॅनाइटचाच आहे. तो निवल्यावर त्याला भेग पडली आणि खालून दुसरा, गडद रस त्यात घुसला. भिंती थंडगार. रस लवकर गोठला, कणांना वाढायला सवडच नाही. हा डोलेराइट. वर येऊन उघड्यावर गोठला असता तर बेसाल्ट झाला असता. खोलवर सावकाश गोठला असता तर तुमचा काळा ग्रॅनाइट." ती जरा थांबली. "म्हणजे गॅब्रो."

अक्षरवाल्यांनी दगड हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. हा दगड त्यांना ऐकून माहीत होता. थोरले सुट्टीला आले की सांगत, काळा पट्टा लागला की काम अडतं, यंत्र घाम गाळतं, तो हटत नाही. त्या काळ्यावर भावाचं नाव? त्यांना वाईट वाटलं आणि रागही आला. तिच्यावर नव्हे, त्या दगडावर. मग त्यांनी तो परत उचलला, एक बाजू घासून चकचकीत केली आणि वेलांटी कोरली.

ती केसभरही फुटली नाही. चकचकीत काळ्यावर छिन्नीचा माग करडा-पांढरा उमटला, रंग भरायचीही गरज नव्हती. त्यांनी सबंध नाव कोरलं, त्यावर अंगठा फिरवला आणि मुलीकडं न बघता म्हणाले, "एवढा मोठा धोंडा मिळेल का तिथं?"

मिळाला. कापायला करवतीची पाती झिजली, तेव्हा अक्षरवाले पहिल्यांदाच त्या दगडावर खूश झाले. "दादाला अडवणारा ऐरागैरा नव्हता," ते म्हणाले. गुलाबी शिळा मुलीनं लावून दिलेल्या जागी तशीच राहिली.

पाटी बसवली त्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी गेलेल्यांची सगळी घरं जमली होती. बोगद्याच्या कामावरच्या मोठ्या साहेबांनी पाटीवर हात ठेवून विचारलं, "कुठला ग्रॅनाइट?"

"ग्रॅनाइट नाही, डोलेराइट," अक्षरवाले सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "याच डोंगरातला. माझ्या मुलीनं निवडलाय. पुढचं तिला विचारा, मी नुसतं कोरलंय." एवढा विनय त्यांनी जन्मात दाखवला नव्हता, आणि तो दाखवताना त्यांची छाती दीड वीत फुगली होती.

मुलीनं वहिनींना हाताला धरून पुढं आणलं आणि त्यांचं बोट नावाच्या पहिल्या अक्षरावर टेकवलं. बोट सावकाश सरकलं. वेलांटीवरून वर गेलं, वळलं, खाली आलं. शेवटच्या अक्षरापर्यंत कुठंच अडखळलं नाही. वहिनींनी बोट परत पहिल्या अक्षरावर आणलं आणि ते नाव मोठ्यानं उच्चारलं. नवऱ्याचं नाव वहिनींच्या तोंडून अक्षरवाल्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

शेजारी एक बाई पाटीकडं नुसतीच बघत उभी होती. "मला वाचता येत नाही," ती हळूच म्हणाली, "आमच्यांचं कुठं आहे?"

"नाव सांगा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेलं, एकेक नाव चाचपत गेल्या, आणि सापडल्यावर त्या बाईचा हात धरून तिथं ठेवला.