एक जूनच्या दोन बहिणी

शेणव्याची दामिनी शहापूरच्या एका संस्थेत पायथॉन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहायची. संस्थेच्या वसतिगृहाचं सगळं सॉफ्टवेअर तिने जँगो या पायथॉनच्याच तयार सांगाड्यावर एकटीने उभं केलं होतं आणि त्याचा तिला भारी तोरा होता. वीट पाडायला साचा लागतो, तसं तिने आधी ‘मूल’ नावाचं मॉडेल केलं. त्यातून प्रत्येक पोराची एकेक नोंद पडायची. वाडीवरचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात, पोरं वसतिगृहात राहून शिकत. नोंद असेल त्यालाच जागा मिळे.

नोंदी शाळेच्या दाखल्यांवरून व्हायच्या. नावं मात्र जो तो वेगळी लिहितो, म्हणून दामिनीने नावावर भिस्त ठेवली नाही. त्याच घरातलं, त्याच जन्मतारखेचं मूल आधी असेल तर नवी नोंद करायची नाही, जुनीच घ्यायची, अशी अट तिने घातली. स्वतःच्या अकलेवर बाई बेहद्द खूश होती.

आज वाडीवरची येसू दोन्ही लेकींना घेऊन दारात उभी राहिली. हौशीचं नाव निघालं, सावळीचं निघेना.

दामिनीने कोड उघडला आणि तिला आपली चूक दिसली. दोघी बहिणींना गुरुजींनी एकदमच शाळेत घातलं होतं. जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी एक जून लिहितात. दोघींची तारीख तीच, सालही तेच, म्हणून अटीने सावळीला हौशीच धरलं आणि तिची नोंदच केली नाही. अहो, दामिनीची स्वतःची तारीखसुद्धा एक जूनच होती! तरी तिला सुचलं नाही.

तिने अट काढली, सावळीची नोंद केली, सेव्ह केली. मग वसतिगृह सांभाळणाऱ्या निर्मलाताईंच्या अक्षरशः पाया पडली.

“सगळ्या जागा भरल्या गं,” निर्मलाताई म्हणाल्या. “एकही खाट नाही.”

“मग सावळीला माझ्या घरी ठेवते,” दामिनी येसूला म्हणाली.

“नको बाय, परक्या घरी पोर रडल. आन् एकीला ठेवून दुसरीला कशी नेऊ?”

बाहेर भट्टीवर न्यायला आलेला मुकादमाचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न देत होता. येसूने दोघींचे हात धरले. दामिनीच्या एका अटीपायी दोघींची शाळा गेली.

“पुढल्या साली दोघींना लिव हां,” येसू जाता जाता समजुतीने म्हणाली. एक शब्द वाकडा बोलली नाही ती. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दामिनीला वाटलं, आणि ती तिथेच हमसून हमसून रडली.