चिंच, कंदील, होडी

गुडघ्यावर मारायची ती रबरी हातोडी दिसली, की नौपाड्यातला दवाखाना आठवतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट, बाबांना घेऊन गेलेलो. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. "मास्तर, चिंच, कंदील, होडी. लक्षात ठेवा, पाच मिनिटांनी विचारतो," डॉक्टर म्हणाले आणि तोवर मला समजावू लागले, "मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडलं की हात तर थरथरतोच, पण कपाळामागचा मेंदू नुकतं ऐकलेलंही धरून ठेवत नाही." माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. वेळ झाली. "चिंच," बाबा म्हणाले आणि अडकले. त्यांच्या कानामागून घाम ओघळला. मला राहवेना, मागून हळूच म्हणालो, "कंदील." बाबा सावकाश मागे वळले. "परीक्षेत मागून सांगतोस? गाढवा!" जन्मभर वर्गात कॉप्या पकडलेला माणूस तो. परवा तशीच हातोडी माझ्या गुडघ्यावर पडली. डॉक्टरबाईंनी मलाही तीन शब्द दिले. पाच मिनिटांनी मी एका दमात सांगितलं, "चिंच, कंदील, होडी." बाईंनी समोरचा कागद पुन्हा पाहिला. त्यांनी दिलेले शब्द हे नव्हतेच.