चारशे अकरा घरं

चूक माझी हाय, हे आधीच सांगून टाकतो. मागनं कुणी म्हणायला नको की बनाक्कानं गोष्ट फिरवून सांगितली. आणि मी बाई असून 'सांगतो' म्हटलं म्हणून हसू नका. आम्ही कोल्हापूरच्या बायका मी आलो, मी गेलो असंच बोलतोय. ज्याला पटत न्हाय त्यानं पुण्याला जावं.

मंगळवार पेठेत माझी पिठाची गिरणी हाय. मालक गेल्यापास्नं चौदा वर्षं मीच चालवतोय. झिजलेल्या दगडाला टाकी मी घालतोय, पट्टा मी बदलतोय, आणि पाळी सोडून मधेच डबा घुसवणाऱ्याला शिव्या बी मीच देतोय. गल्लीतली माणसं म्हणत्यात, बनाक्काच्या तोंडाला लागण्यापेक्षा पिशवीतलं पीठ आणलेलं बरं. आणत्यात बी. मग दोन दिवसांनी भाकरी थापताना तुटायला लागली की गुमान डबा घेऊन येत्यात.

मौला जमादार आमच्या भागाचा मीटर रीडर. तेवीस वर्षं झाली. महिन्याच्या अठरा तारखेला गल्लीच्या तोंडाला त्याची हाळी यायची, 'मीटर'. एकदाच. दुसऱ्यांदा ओरडायची त्याला गरज पडली न्हाय. किडकिडा उंच माणूस, वरच्या खिशात बॅटरी, कपाळावर एक खोक. ती खोक माझ्याच जिन्याखालच्या तुळईची, कारण आमचा मीटर जिन्याखाली अंधारात. आधी तो वहीत आकडा लिहायचा, मग मोबाईलवर फोटो काढायला लागला. कंत्राटावरचा माणूस. कंत्राटदार तीन बदलले, मौला त्योच राहिला.

आकड्यावरनं त्याला घरातलं कळायचं. "काय बनाक्का, जावई राहून गेला वाटतं? चाळीस युनिट जास्त हायत," असं म्हणायचा. बाळाबाईच्या घरी एकदा आकडा निम्म्यावर आला तर हा फोटो काढून निघून गेला न्हाय. आत जाऊन बघितलं. म्हातारी आठ दिवस तापानं पडून होती, ना टीव्ही लावला ना गिझर. त्यानंच रिक्षा बोलावली.

आणि माझं तर त्याच्यावाचून घर जळालं असतं. सहा वर्षांमागची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर भाजणीचे डबे रांगेनं लागलेले, आणि हा जिन्याखालनं बाहेर येऊन म्हणतोय, "बनाक्का, गिरणी बंद करा. वायर तापलीय, वास यायलाय." मी म्हटलं, तू आकडा बघ आणि चालू लाग. तो परत आत गेला आणि त्यानं स्वतःच मेन स्विच खाली ओढला. मी आईबापावरनं शिव्या घातल्या. वायरमन आला तर आतलं सगळं काळं कोळसा झालेलं. तवापास्नं मौला माझा भाऊ. ईदला त्याच्या घरनं डबा येतोय, दिवाळीला माझ्या घरनं जातोय.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यानंच पायरीवर बसून सांगितलं. नवीन मीटर येणार हायत. ते स्वतःच आकडा पाठवत्यात, बघायला माणूस लागत न्हाय.

"मग तू?" मी विचारलं.

"मी काय, बनाक्का. मार्चपर्यंत हाय म्हणायलेत."

त्यानं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि पुढच्या घराला गेला. माझ्या डोक्यात मात्र सणक गेली. मौलाच्या घरात पोरगी नुजहत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ह्याचं वय अठ्ठेचाळीस. ह्या वयात दारोदार कुठं काम मागत फिरायचं ह्यानं? मी गिरणीच्या दारावर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नवीन मीटर बसवू देणार न्हाय.' येणाऱ्या प्रत्येक बाईला डबा ठेवायच्या आधी विचारायचो, तुमचं काय ठरलं? कुणाला बिलाची भीती होती, कुणाला काहीच पडलेलं नव्हतं, पण माझ्या तोंडाला भिऊन सगळ्यांनी मान हलवली. बसवणारी टोळी आली तवा मी पिठाचा झाडू घेऊन पुढं झालो. ते चौघं शिडी घेऊन आले तसे माघारी गेले. पांढरे होऊन गेले, एवढं पीठ झटकलं त्यांच्यावर. समोरच्या निशिगंधानं त्याचा व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी सगळ्या कोल्हापूरच्या मोबाईलवर मी. 'मंगळवार पेठेची वाघीण.' शुक्रवार पेठेतनं माणसं बघायला आली. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी टोळी परत आली. आणि ह्या वेळी पुढं मौला.

अंगात त्यांचं पिवळं जाकीट. मी बघतच राहिलो. प्रत्येक दारात जाऊन तो हळू आवाजात म्हणायचा, "मी हाय, मौला. बसवून घ्या." आणि दारं उघडायची. ज्या दारात परक्या माणसाला कुणी पाणी विचारलं नसतं, तिथं मौला आलाय म्हणून खुर्ची टाकायचे. बाळाबाईनं तर त्याच्या तोंडावरनं हात फिरवला आणि म्हणाली, तू म्हणतोयस तर बसव बाबा. गल्लीतल्या एकेका भिंतीवर नवीन मीटर चढत गेला. माझ्या डोळ्यांदेखत माणूस आपल्याच पायावर धोंडा मारून घेत होता, आणि वर शिडी बी तोच धरत होता.

माझ्या दारात आला तवा मी चालू गिरणी बंद केली. मौलानं सगळं सांगितलं, काहीच लपवलं न्हाय. त्यांचा सुपरवायझर सम्राट म्हणून हाय, त्यानं रीडर लोकांना बोलावून सांगितलेलं. ज्याचा भाग शंभर टक्के पुरा होईल, त्याला पुढं दुरुस्तीच्या टोळीत घेणार. एकतीस मार्चची मुदत. एक बी घर राहायला नको.

"लिहून दिलंय?" मी विचारलं.

"शब्द दिलाय."

"शब्द," मी म्हटलं. "अरं, गंडवतायत तुला. तुझ्या तोंडाकडं बघून माणसं दारं उघडत्यात म्हणून वापरून घ्यायलेत. काम झालं की तुला ओळख बी दाखवायचे न्हाईत."

"असंल बी, बनाक्का."

"असंल बी न्हाय, हायच. मी बसवू देणार न्हाय. तुझ्यासाठीच अडवलंय की मी."

मौलाला वाद घालायला येतच न्हाय. तेवीस वर्षं दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला माणूस, त्याला आत बोलावलं तर येणार, न्हाय म्हटलं तर जाणार. मान हलवून तो पुढच्या घराला गेला. मला वाटलं, पटलं ह्याला.

मार्चच्या वीस तारखेपर्यंत त्याच्या भागातली चारशे बारा घरं होती त्यातली चारशे अकरा झाली. राहिलं ते माझं. तो आणखी दोनदा आला. एकदा नुसता उभा राहून गेला. एकदा म्हणाला, "बनाक्का, तुमची सोय बघून कधी बी सांगा, मी रविवारी बी येतो." मी त्याला गूळ-शेंगदाणं दिलं आणि विषय बदलला.

मग एक दिवस ताजबी आली, मौलाची बायको. पाच किलो ज्वारीचा डबा घेऊन. तिच्या घराजवळ दोन गिरण्या हायत, माझ्याकडं येण्याचं तिला कारणच नव्हतं. दळून होईस्तोवर ती भिंतीला टेकून उभी. पीठ भरून डबा तिच्याकडं दिला तवा म्हणाली, "अक्का, मीटर बसवून घ्या की."

मी तिला बसवून घेतलं आणि अर्धा तास बोललो. माणसानं वाकायचं न्हाय, वाकलं की हे अजून वाकवत्यात, आज मीटर उद्या आणखी काय, सगळी गल्ली फुटली तर फुटू दे, मी एकटी तरी मौलाच्या पाठीशी हाय. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "तुमचं बरोबर हाय, अक्का." डबा उचलला आणि गेली. पदरानं डोळं पुसलं ते मी बघितलं, आणि मला वाटलं, माझं ऐकून तिला भरून आलं. असली मी शहाणी.

आता विचार करतो तवा कळतंय. तवा मौला माझ्या डोक्यात मागं पडलेला. व्हिडिओ बघून माणसं यायची, मला विचारायची, अजून बसवला न्हाय न्हवं? आणि मी मान ताठ करून न्हाय म्हणायचो. कोल्हापूरच्या माणसाला एकदा न्हाय म्हटल्यावर व्हय म्हणायला जीभ उचलत न्हाय. त्यात मी वाघीण. चारशे अकरा घरं वाकली आणि एक उभं राहिलं, ह्याची मला हौस आलती.

एकतीस तारखेला दुपारी मौला आला. पिवळं जाकीट अंगात नव्हतं, हातात घडी करून धरलेलं. पायरीवर बसला. मी पाणी दिलं. वाट बघत होतो की आता हा परत विचारतोय, आणि काय बोलायचं ते बी मी तयार ठेवलेलं. त्यानं विचारलंच न्हाय. उठून जिन्याखाली गेला, सवयीनं डोकं वाकवून, आणि बॅटरी लावून आकडा वाचला. बाहेर येऊन म्हणाला, "बनाक्का, वायर परत तापायलीय. बदलून टाका."

"बघतो," मी म्हटलं. "तू पुढं काय करणार हाईस?"

"बघू."

थोडा वेळ बसला आणि गेला. पाच वाजायचे होते अजून. सम्राटचं ऑफिस उघडं होतं, टोळी दोन गल्ल्या पलीकडं होती, पंधरा मिनिटांचं काम होतं. हे सगळं मला माहीत होतं. मी मक्याचा भरडा काढत बसलो.

एप्रिलच्या दोन तारखेला टोळी माझ्या दारात आली. पुढं अमरसिंह, शेजारच्या भागाचा रीडर. अंगात पिवळं जाकीट, छातीवर नवीन ओळखपत्र, त्यावर फोटो.

"तू कसा?" मी विचारलं.

"माझा भाग पुरा झाला की, अक्का. घेतलं मला. सहा जणांना घेतलं."

"आणि मौला?"

अमरसिंह शिडीकडं बघायला लागला. "त्याचं एक राहिलं," म्हणाला.

शब्द खरा होता. त्या सम्राटाचं मी तोंड बी बघितलेलं न्हाय, पण तो खोटा हाय हे मी ठरवून टाकलेलं, आणि खोटा न्हाय हे बघायला एक पंधरा मिनिटं मी दिली न्हाईत. अमरसिंहाला म्हटलं, बसव. त्यानं बसवला. गिरणी बंद करून तसाच पिठाच्या अंगानं मी मौलाच्या घरी गेलो.

मौला घरातच होता, नुजहतच्या सायकलची चेन बसवत. मी उंबऱ्यातनंच सांगितलं, झाला बाबा माझा मीटर, लाव त्या सम्राटाला फोन, सांग त्याला चारशे बारा झाली म्हणून. मौला म्हणाला, राहू दे बनाक्का. मीच त्याच्या हातातनं फोन घेतला, सम्राटशी बोललो. आयुष्यात कुणाच्या पाया पडलो न्हाय एवढ्या पाया पडलो फोनवर. तो बिचारा चांगलाच बोलला. म्हणाला, आजी, मी एकतीस तारखेला सहा वाजेपर्यंत यादी थांबवून ठेवलेली, मौलाचं नाव असावं असं मला बी वाटत होतं. आता ती पुण्याला गेली. माझ्या हातात काही न्हाय.

ताजबी आतनं पाणी घेऊन आली. मला वाटलं, आता ही बोलंल. बोलायलाच पाहिजे होतं तिनं, मी तरी सोडलं नसतं. तिनं पाणी दिलं आणि माझ्या केसातलं पीठ पदरानं झटकलं.

"अरं, तू मला शिव्या तरी का घातल्या न्हाईस?" मी मौलाला म्हटलं. "गचांडी धरून सांगायचं होतंस."

"कसं सांगायचं, बनाक्का," मौला म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठीच करत होता की."

मी रडलो तिथंच, उंबऱ्यात बसून. त्यानं चेन बसवली, हात पुसले आणि मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला.

अठरा तारखेला सकाळी माझं सगळं ध्यान रस्त्याकडं. हाळी येणार न्हाय हे माहीत असून कान तिकडंच. अकराच्या सुमाराला मौला आला. पिशवी न्हाय, खिशात बॅटरी न्हाय. पायरीजवळ उभा राहिला, हाळी घातली न्हाय. "असंच आलतो," म्हणाला. "घरात बसवेना."

मीच म्हटलं, जा की आत, बघ मीटर. तो डोकं वाकवून जिन्याखाली गेला. बराच वेळ आत होता. नवीन मीटरवर आकडा आपला आपण उजळतोय, त्याला बॅटरी लागत न्हाय. बाहेर आला तवा त्याच्या हाताला काय करावं ते सुचत नव्हतं, नुसता खिसा चाचपत होता.

"वायर बदलली न्हाय अजून," मौला म्हणाला.

"न्हाय."

"बदला, बनाक्का."

तो गेल्यावर मी रांगेतले सगळे डबे माघारी लावले, गिरणी बंद केली आणि वायरमनला बोलावून वायर बदलली. त्याचं तेवढं एकच ऐकलं मी.